कादंबरींतील राजकन्या आणि आमच्या मांडवांतील नवरी

लग्नसराई आली कीं भाईंदरच्या केबिन रोडवर राजपुत्रांच्या स्वाऱ्या निघूं लागतात. डोक्यास तुरा, कमरेस तलवार, खालीं भाड्याची घोडी आणि पुढें कानठळ्या बसविणारा बाजा! दुसरे दिवशीं हाच राजपुत्र गाडीला लोंबकळत कामावर जातो, आणि त्याचा बाप पतपेढींत हप्त्याची बोली करीत बसतो. हा एका रात्रीचा राजवाडा आमच्या शेतकरी व कारागीर घरांत कोठून शिरला, याचा विचार व्हावा म्हणून आम्ही आज दोन जुन्या कादंबऱ्यांची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालीं निघाली आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ सालीं. मराठींत प्रेमाची कादंबरी म्हणून जी वाट पडली ती येथून. मंजुघोषा ही राजकन्या, तिचा प्रियकर राजपुत्र, आणि त्यांच्या प्रेमाच्या सोईसाठीं आकाशांतून जाणारें विमान! त्या काळच्या वाचणाऱ्या मंडळींस ही गोष्ट फार गोड लागली.

परंतु गोष्टीहून तिची प्रस्तावना अधिक विचार करण्यासारखी आहे. रिसबूडांनीं तींत मोकळेपणानें कबूल केलें आहे कीं, आम्हां हिंदूंची लग्नाची रीत व इतर चालीरीति अशा आहेत कीं त्यांत गोष्ट रंगावी असें कांहीं घडतच नाहीं. रोज दिसतें तेंच लिहावें तर वाचणारास गोडी कोठून लागणार? म्हणून अद्भुताचा आश्रय केल्यावांचून गत्यंतर नाहीं. म्हणजे पहा! ज्या घरांत आठ वर्षांच्या मुलीचें लग्न बाप व भटजी मिळून ठरवितात, तेथें मुलीनें कोणावर प्रेम करावें कधीं, आणि आपलें मन सांगावें कोणाला? जमिनीवर प्रेमाला जागा नाहीं, म्हणून लेखकानें तें विमानांत बसविलें. ग्रंथकाराच्या या खरेपणाबद्दल आम्ही त्यांचे आभारच मानितों.

तथापि आमचा एक प्रश्न आहे. 'आम्ही हिंदु' म्हणजे कोण? शेतांत नवऱ्याच्या बरोबरीनें राबणारी कुणबीण, बाजारांत स्वतः माल विकणारी माळीण, मिठागरांत टोपल्या वाहणारी आगरीण, या त्यांत धरल्या होत्या काय? बालविवाहाचें पाप आमच्याही घरांत होतें, तें आम्ही झांकीत नाहीं. परंतु आमच्यांतील पुष्कळ जातींत मुलीच्या बापाला देज मिळे, कारण मुलगी म्हणजे काम करणारे दोन हात, हें सर्वांस ठाऊक होतें. नवरा मेला तर पाट लावण्याची मोकळीक होती. ठाणें-रायगडच्या आगरी-कोळ्यांच्या लग्नांत धवले गाणारी धवलारीण ही बाईच, आणि वारल्यांत तर लग्न लावणारी धवलेरी बाईच असते. या बायांच्या जन्मांत लिहिण्यासारखें कांहीं नव्हतें, असें कोण म्हणेल? पण पाहणारा माडीवर बसलेला. त्याला अंगणांतलें दिसावें कसें?

शिवाय या गोष्टींचा दुसरा धडा ध्यानांत घ्या. तेथें प्रेम म्हणजे राजपुत्रानें राजकन्येवर करावयाची वस्तु. तो राजवाडा कोणीं बांधला, तिचा शालू कोणीं विणला, तिची पालखी कोणीं वाहिली, हें विचारण्याचें कारणच पडत नाहीं. विणकराच्या पोरानेंही कोणावर जीव लावला असेल, हें त्या पानांत येत नाहीं. प्रेमालाही जात आणि हुद्दा लागतो, ही शिकवण अशी गोड गोळींतून पोटांत गेली.

या साऱ्या कारभाराला तोंडावर जाब विचारणारी बाई आमच्याच माणसांतून निघाली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिलें. म्हाताऱ्याच्या गळ्यांत कोंवळी पोर बांधतां, बायको मेली कीं पुरुष पुन्हा बोहल्यावर चढतो आणि विधवेला मात्र कोपरा, हा न्याय कोठला, असें त्यांनीं विचारलें. आणि कथा-नाटकांतून बायकांचें खोटें चित्र रंगविणाऱ्या लेखकांचाही समाचार घेतला. लोक त्यांच्यावर तुटून पडले. तेव्हां १८८५ सालीं 'सत्सार' मध्यें त्यांची बाजू उचलून धरिली ती जोतीराव फुले यांनीं. पुढें हें पुस्तक विस्मृतींत गेलें, आणि १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं तें पुन्हा छापलें.

जोतीरावांनीं नुसती बाजू घेतली नाहीं, मांडवच बदलला. २४ सप्टेंबर १८७३ रोजीं सत्यशोधक समाज स्थापन झाला, आणि तीनच महिन्यांनीं, २५ डिसेंबर रोजीं, सीताराम जबाजी आल्हाट व राधा यांचें लग्न भटजीवांचून व थोड्या खर्चांत लागलें. सत्यशोधक लग्नासाठीं जोतीरावांनीं मराठींत मंगलाष्टकें रचलीं. १८९१ सालीं छापलेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकांत तीं आहेत. त्यांत वधू स्वतः तोंड उघडते. स्त्रियांच्या हक्कांविषयीं व स्वातंत्र्याविषयीं ती नवऱ्याकडे चार लोकांदेखत मागणें मागते, आणि तो तें मान्य करून शपथ घेतो.

आमचें म्हणणें इतकेंच कीं, मराठींतील खरी प्रेमाची गोष्ट ती ही. कादंबरीच्या राजकन्येला उसासे मिळाले. आमच्या नवरीला प्रश्न मिळाला. उसाशाला उत्तर द्यावें लागत नाहीं, प्रश्नाला द्यावें लागतें. ज्याला प्रश्न विचारतां येतो त्याच्याशींच बरोबरीचें नातें जुळतें, आणि बरोबरीवांचून प्रेम म्हणजे मालकाची लहर होय.

आणि आपण काय केलें? हा वारसा फळीवर टाकून राजवाड्याची नक्कल उचलली. देज गेलें, हुंडा आला. थोडे पैसे हातीं येतांच आम्ही कुळवंत झालों आणि पाट लावण्याची लाज वाटूं लागली. १९६१ सालीं कायद्यानें हुंडा बंद केला. तो आतां 'मुलीच्या हौसेखातर' या नांवानें, गाडी, फ्लॅट व सोनें होऊन येतो. १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीस चौदा वर्षांची मर्यादा होती, आज अठरा आहे. पण वय वाढलें म्हणून तिचें मत कोणी विचारतोच असें नाहीं. पदवी घेतलेल्या मुलीची पत्रिका पाहतात, तिला पाहतात, आणि तिच्या पसंतीची पाळी आली कीं सुपारी फुटलेली असते. तिनें परजातींतला मुलगा सांगितला तर कादंबरी वाचून डोळे पुसणारेच हातांत काठी घेतात.

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, यंदाच्या लग्नसराईंत तीन गोष्टी करून पहा. सुपारी फोडण्याआधीं मुलीला एकटीला विचारा, आणि ती 'नाहीं' म्हणाली तर तें शेवटचें समजा. मांडवांत नवरीला आपल्या भाषेंत बोलूं द्या, आणि नवऱ्याला सर्वांसमक्ष उत्तर द्यावयास लावा. घोडी, बाजा व जेवणावळी यांचा आंकडा काढून त्यांतील निम्मी रक्कम तिच्या स्वतःच्या नांवें टाका. एवढें झालें तर आमच्या पोरींच्या सुखाला विमान नको. पायांखालची जमीन पुरे.