सांगितलं, लावलं, की नुसतं वाटलं?

गेल्या महिन्यात एका शनिवारी साताऱ्याहून सांगलीला गेलो होतो. तिथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या मुलांचे मॉक इंटरव्ह्यू घ्यायचे होते. माझ्या शेजारी दुसऱ्या एका कंपनीतले मॅनेजर बसले होते. एक पोरगा आला. डेटाबेसवरची उत्तरं एकदम खणखणीत. मग नेहमीचा प्रश्न, या क्षेत्रात का यावंसं वाटलं? तो म्हणाला, "माय फादर वॉन्टेड दॅट आय शुड बिकम इंजिनिअर."

शेजारच्या साहेबांनी कागदावर लिहिलं, 'इंग्रजी कच्चं'. ५ पैकी २ गुण.

परतीच्या एस्टीत पेठ नाक्यापासून पार कराड येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना. वाक्य चुकलंय, मान्य. पण माझं म्हणणं असं की पोराचं मराठी पक्कं आहे म्हणून ते चुकलंय. जरा व्याकरणात शिरावं लागेल, कंटाळा आला तर थेट शेवटी जा :-)

इंग्रजीत क्रियापदांची एक मोठी टोळी आहे. आधी क्रियापद, मग माणूस, मग 'टू' आणि दुसरं क्रियापद. वॉन्ट, आस्क, टेल, एक्स्पेक्ट, अलाउ, अ‍ॅडव्हाइज, फोर्स, पर्स्वेड, टीच, सगळ्यांना एकच गणवेश. 'आय टोल्ड यू टू कम' आणि 'आय वॉन्ट यू टू कम', साचा तोच. (मेक आणि लेट ही दोन वांड पोरं 'टू' घालत नाहीत. त्यातही मेक कर्मणीत गेलं की गुपचूप 'टू' घालतं, 'ही वॉज मेड टू वेट'. असो.)

आता हेच मराठीत बोलून बघा. 'मी तुला यायला सांगितलं.' झकास. 'मी त्याला थांबायला लावलं', 'तिनं मला पोहायला शिकवलं', तेही झकास. पण 'मी तुला यायला अपेक्षा केली'? असं कुणी बोलत नाही. तिथे आपण म्हणतो, 'तू येशील अशी माझी अपेक्षा होती' किंवा 'तू यावंस असं मला वाटत होतं'. म्हणजे आत एक अख्खं वाक्य, आणि ते 'असं-अशी'नं बाहेरच्याला बांधलेलं.

हा फरक उगाच पडलेला नाही. सांगणं, लावणं, शिकवणं, राजी करणं या गोष्टी आपण समोरच्या माणसाला करतो. त्याला ते कळतं, त्याच्या कानावर जातं. वाटणं किंवा अपेक्षा असणं आपल्या मनात चालतं, समोरच्याला पत्ताही नसतो. म्हणून पहिल्या गटात 'माणसाला' आणि '-यला', तर दुसऱ्या गटात घटना सांगणारं पूर्ण वाक्य.

गंमत म्हणजे इंग्रजीतही हा फरक आहे, फक्त गणवेशाखाली झाकलेला. चॉम्स्कीनं १९६५ च्या 'आस्पेक्ट्स ऑफ द थिअरी ऑफ सिंटॅक्स'मध्ये एक्स्पेक्ट आणि पर्स्वेड शेजारी ठेवून तो उघड केला. आपल्या हापिसातलं उदाहरण घेऊ. 'आय एक्स्पेक्टेड द टेस्टर टू चेक द मोड्यूल' हे उलटवून 'आय एक्स्पेक्टेड द मोड्यूल टू बी चेक्ड बाय द टेस्टर' केलं तरी अर्थ तोच. आता दोन्हीकडे पर्स्वेड घाला. दुसऱ्या वाक्यात मला मोड्यूलचंच मन वळवावं लागतं! दिसायला सारखी दोन वाक्यं, आतली जोडणी वेगळी. ती दाखवायला इंग्रजीत उलटापालट करावी लागते. मराठीत ती तोंडावरच लिहिलेली असते.

हे नुसतं पंडिती नाही, याचा मला एकदा चांगलाच फटका बसलाय. एका रिलीजच्या आधी मी स्टेटस मेलमध्ये लिहिलं होतं, 'वी एक्स्पेक्ट द क्लायंट टू व्हेरिफाय द डेटा'. सगळ्यांनी वाचलं, मान डोलावली. सोमवारी रात्री डेटा गंडलेला निघाला. मग मीटिंग, मग प्रश्न, की क्लायंटला सांगितलं कुणी होतं? कुणीच नाही. मी अपेक्षा केली होती आणि वाचणाऱ्यांनी ती सूचना समजली होती. हेच वाक्य मराठीत 'क्लायंटनं डेटा पडताळावा अशी अपेक्षा आहे' असं लिहिलं असतं, तर टीममधल्या कुणीतरी नक्की विचारलं असतं, "अपेक्षा ठीक आहे रे, पण त्यांना सांगितलंयस का?"

तर सांगायचा मुद्दा असा. आपल्याकडच्या पोरांच्या या चुका सैरावैरा नसतात, त्यांना घराणं असतं. 'ही सजेस्टेड मी टू डू इट' कुठून येतं? 'त्यानं मला करायला सुचवलं' यातून. इंग्रजीत सजेस्ट त्या टोळीतलं नाही, मराठीत सुचवणं आहे. 'ही सेड मी' कुठून? 'तो मला म्हणाला' यातून. मराठी बाजूला ठेवून हे शिकवायचं म्हणजे स्टॅक ट्रेस बंद करून बग शोधण्यासारखं आहे.

आणि आपण नेमकं तेच करतोय. आजोबांची पिढी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकली. आम्ही पाचवीत एबीसीडी गिरवली. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. इंग्रजी लवकर आलं ते चांगलंच झालं, पण त्याबरोबर 'इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचं नाही' हा सोवळेपणाही ठिकठिकाणी आला. ज्या जिल्ह्यात १९१९ साली काले गावी कर्मवीरांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली, घरात पाटी नसलेल्या पोरांना शिकवलं, तिथे तरी पोराच्या घरच्या भाषेला वर्गाबाहेर उभं करू नये असं मला वाटतं.

करायचं काय? फळ्यावर दोन रकाने. एकात 'त्याला -यला' घेणारी मराठी क्रियापदं, दुसऱ्यात '-आवं असं' घेणारी. मग सांगायचं, की बाळांनो, इंग्रजीत बहुतेकांना एकच गणवेश चालतो, आणि सजेस्ट, इन्सिस्ट, होप हे अपवाद पाठ करा. एका तासाचं काम आहे.

यावर साहेब म्हणतील, क्लायंटला तुमच्या घराण्याशी काय देणंघेणं, त्याला बरोबर इंग्रजी हवं. अगदी खरंय. मीही चूक सोडा म्हणत नाही. पण एका तासात दुरुस्त होणाऱ्या गोष्टीवरून माणूस कापू नका. 'कच्चं' असा शिक्का मारण्याआधी चूक कशामुळे झाली एवढं तरी बघा. कोड रिव्ह्यूमध्ये बघतोच की आपण.

एक सांगायचं राहिलं. निघण्यापूर्वी चहाच्या टपरीवर तो पोरगा भेटला. कागदाच्या पाठीमागे ते दोन रकाने काढून दाखवले. दहा मिनिटांत त्याला कळलं. "माय फादर वॉन्टेड मी टू बिकम अ‍ॅन इंजिनिअर," तो म्हणाला. मग थोडा थांबला.

"सर, पण 'फोर्स्ड मी टू' पण असंच दिसतंय की. मग फरक कसा कळायचा?"

"क्रियापदावरून. दुसरं काही नाही त्यांच्याकडे."

"तसं नको," तो म्हणाला. "पप्पांनी कधी व्हायला लावलं नाही. सांगितलं पण नाही कधी. हळदीच्या पेठेत हमाली करतात ते. नुसतं वाटायचं त्यांना, ते मला आईकडनं कळलं."

त्याचं आधीचं, चुकलेलं वाक्य हेच सांगत होतं. माझ्या कागदावर मी ५ पैकी ४ गुण लिहिले होते. एक कापला, कारण इंजिनिअरच्या आधी 'अ‍ॅन' नव्हता.