हौद्यावरची खोली, पण हवा कुठून?

पिकअपच्या हौद्यावर घरच्या घरी बांधलेली, छप्पर वर उचलता येणारी झोपायची खोली हा प्रकार आता फक्त परदेशी व्हिडिओंत राहिलेला नाही. कुडाळ-कणकवलीच्या कुठल्याही बऱ्या फॅब्रिकेशनवाल्याला हे काम अवघड नाही. स्क्वेअर पाईपचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, छताला बिजागऱ्या आणि गॅस शॉक, मधल्या मोकळ्या भागाला कापडाच्या भिंती. प्रवासात छप्पर खाली, मुक्कामाला वर. कल्पना चांगली आहे आणि आपल्या किनाऱ्याला ती जुळणारी आहे. फक्त ती आखताना आपण पलंग, कपाट, लाईट यांचा विचार आधी करतो आणि हवेचा शेवटी. माझ्या मते हा क्रम उलटा हवा, आणि त्याला कारण आहे साधे गणित.

हौदा धरू या आठ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद. छप्पर वर केल्यावर आतली उंची सहा फूट. म्हणजे आत हवा मावते साधारण साडेसात घनमीटर. झोपलेला प्रौढ माणूस तासाला सुमारे १२ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. दोन माणसे झोपली आणि डासांच्या भीतीने सगळे बंद केले, तर तीन तासांत आतल्या हवेत या वायूचे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास जाते. बाहेर ते जेमतेम ०.०४ टक्के असते. याने कोणी मरत नाही. पण झोप अर्धवट होते, सकाळी डोके जड असते आणि त्याच डोक्याने माणूस फोंडा किंवा आंबोलीचा घाट चढायला निघतो.

याहून आपल्याकडे जास्त छळते ती वाफ. घाम सोडून दिला तरी श्वासातून आणि कातडीतून दोन माणसे रात्रभरात मिळून अर्धा लिटर पाणी हवेत सोडतात. मे महिन्यातल्या तारकर्लीच्या रात्री, २७ अंशांना, हवा आधीच ओली असते. आर्द्रता ८५ टक्के धरली तर त्या साडेसात घनमीटर हवेत आणखी मावते फक्त २५-३० ग्रॅम पाणी. म्हणजे अर्ध्या तासात कोटा संपला. पुढचे सगळे पाणी पत्र्यावर, उशीवर आणि अंगावर. घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर शरीराला उष्णता टाकायला दुसरा मार्ग फारसा उरत नाही. थंड देशांतल्या नकाशांत भिंतींना थर्माकोलसारखे आवरण लावून फटी बुजवायला सांगितलेले असते. ते जसेच्या तसे उचलले तर मालवणात आपण झोपायची खोली नव्हे, मोदकपात्र बांधू.

आपल्या जुन्या घरांना हे कळले होते. कौलांच्या आणि भिंतीच्या मधली फट, पडवीचा झाप, माळ्यावरून निघून जाणारी गरम हवा. हौद्यावरच्या खोलीला तेच हवे: खाली एक झडप, वर एक झडप, आणि समोरासमोरच्या दोन्ही बाजू उघडणाऱ्या. बहुतेक जण गाडी समुद्राकडे तोंड करून लावतात आणि तेवढीच बाजू उघडतात. पण खारे वारे दिवसा. रात्री वारा जमिनीकडून येतो, मतलई. देखाव्याची बाजू आणि वाऱ्याची बाजू रात्री वेगळ्या होतात. वारा पडलाच तर संगणकात असतो तसा पाच इंची, बारा व्होल्टचा पंखा वरच्या झडपेला बसवावा. दोघांसाठी तासाला सुमारे ४० घनमीटर ताजी हवा पुरते आणि एवढासा पंखा, आत यायला वाट असेल तर, ती ओढू शकतो. बॅटरीवर त्याचा भार नगण्य. एसीच्या मागे लागण्याआधी हे करून पाहावे.

एसीवरून आठवण द्यायला हवी ती वडकराची. डिसेंबर २०२४ मध्ये केरळच्या कोळिकोड जिल्ह्यात, वडकराजवळ रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोन पुरुष मृत सापडले. कोळिकोडच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांची मदत घेऊन झालेल्या तपासात कारण निघाले कार्बन मोनॉक्साइड. गाडीतल्या जनरेटरचा धूर आत आला होता. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. उलट झोप गाढ करतो. ही गाडी घरगुती जुगाड नव्हती, कॅरव्हॅन म्हणून वापरात असलेली गाडी होती. मग गॅरेजमध्ये बांधलेल्या खोलीत, जिच्या जमिनीला वायर नेण्यासाठी भोके पाडलेली आहेत आणि जिच्या खालूनच सायलेन्सर जातो, तिथे किती काळजी हवी? इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून आत झोपायचे नाही, एवढी एकच अट पाळली तरी निम्मा धोका जातो. उरलेल्यासाठी कार्बन मोनॉक्साइडचा गजर मिळतो. टीव्ही बसवणाऱ्याने तो न बसवणे मला समजत नाही.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो गळला तर तळाला साठतो. म्हणून सिलिंडर आत ठेवायचाच असेल तर त्याच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारे भोक हवे आणि तो कप्पा खोलीपासून पूर्ण बंद हवा. पण मी म्हणेन, शेगडी फाळक्यावर, उघड्यावर. फाळका आडवा पाडला की आयता ओटा तयार आहे. आणि मच्छर अगरबत्ती आत नको. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराएवढे असल्याचे २००३ सालच्या एका अभ्यासात मोजले गेले आहे. कापडी भिंतीला बारीक जाळी शिवून घ्या. आचऱ्याचा असो की देवबागचा, डास जाळीला घाबरतो, धुराला सवयीचा होतो.

एवढे सगळे करून ही खोली हवीच कशाला, तंबू काय वाईट? इथे मी खोलीच्या बाजूचा आहे. आपल्याकडे जमिनीवर झोपणे हाच मोठा धोका. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. दंश फारसा दुखत नाही, म्हणून कळतही नाही. दोडामार्ग-बांदा पट्ट्यात २०१६-१७ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडींमधून पसरतो, आणि त्याचा हंगाम हिवाळ्यापासून उन्हाळ्याअखेरपर्यंत, म्हणजे नेमका पर्यटनाचा. पावसाळ्यात साचल्या पाण्यातून लेप्टोचे भय. जमिनीपासून तीन फूट वरचे कोरडे अंथरूण यांतल्या बऱ्याच गोष्टी टाळते. जंगलात फिरून आल्यावर अंगावरच्या गोचिडी तपासायला मात्र विसरू नये. त्या माणसाबरोबर शिडी चढून येतात.

उचलणाऱ्या छताचा दुसरा फायदा वाऱ्याशी आहे आणि धोकाही तिथेच. छप्पर खाली असले की गाडी बुटकी राहते, आडव्या फांद्यांना लागत नाही आणि वळणावर वजन खाली असते. पण ताशी ८० किलोमीटर वेगात दर चौरस मीटरला साधारण ३० किलोचा रेटा तयार होतो. चार चौरस मीटरच्या पत्र्याला वरून निसटणारी हवा त्याच मापाने वर ओढू पाहते, आणि पुढची फट उघडी राहिली तर आत शिरलेली हवाही ढकलते. चाळीस-पन्नास किलोचे छप्पर नुसत्या वजनावर बसून राहील हा भ्रम आहे. चारही कोपऱ्यांना कडी हवी, आणि तिच्यावर दुसरी कडी. गॅस शॉक छप्पर उचलायला मदत करतो, धरून ठेवायला नव्हे. म्हणून मुक्कामाला प्रत्येक शॉकशेजारी लोखंडी टेकू. मेअखेरीच्या वळिवात छप्पर सरळ खाली घ्यावे.

गंजाबद्दल मालवणकरांना मी काय सांगावे? २६ ऑगस्ट २०२४ ला राजकोटला पुतळा कोसळला, त्याच्या चौकशीत पुढे आलेल्या कारणांत गंज आणि सदोष वेल्डिंग होतेच. ॲल्युमिनियमचा पत्रा लोखंडी सांगाड्यावर थेट ठोकला की खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंची छोटी बॅटरीच तयार होते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. मधे रबराची पट्टी, बोल्टला नायलॉनचा वॉशर. खर्च किरकोळ, पण नकाशात तो कोणी काढत नाही.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड आला. कारखान्यात बनणाऱ्या कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, राज्याचे कॅरव्हॅन पर्यटन धोरण २०२१ पासून आहे. पण काढता-घालता येणारी, हौद्यात मालासारखी बांधलेली खोली? ती बांधणारा माणूस ओरोसला जाऊन विचारायला कचरतो आणि गुपचूप बांधतो. गुपचूप बांधलेल्या खोलीची झडप कोण तपासणार? परिवहन खात्याने अशा सुट्या खोल्यांसाठी पानभर नियम मराठीत काढावेत: वजन किती, झडपा किती, चालत्या गाडीत आत कोणी बसणार नाही, गजर सक्तीचा. बंदी घालायची तर तीही स्पष्ट शब्दांत घालावी.

मला हा विषय पर्यटकांपेक्षा दुसऱ्या एका माणसासाठी महत्त्वाचा वाटतो. हंगामात देवगडचा हापूस घेऊन रात्री वाशीला जाणारा पिकअपचा चालक. २०२५ पासून नव्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, पण ती साडेतीन टनांवरच्या गाड्यांना. पिकअप त्याखाली येते, म्हणून हा चालक नियमातून निसटला. माल उतरवून झाला की तो स्टिअरिंगवर मान टाकून झोपतो, उकाडा असह्य झाला तर इंजिन चालू ठेवून. त्याच्या मागे रिकामा हौदा असतो. रिकाम्या क्रेट एका बाजूला रचून उरलेल्या जागेत उघडेल असे, जाळीच्या भिंतींचे, दहा मिनिटांत उभे राहणारे छप्पर त्याच्यासाठी बनवणे आपल्या आयटीआयच्या मुलांना एका सत्रात जमण्यासारखे आहे. आंब्याचा पुढचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होईल.