‘व्हायरल’ हे आजाराचं नाव नाही

पावसाळ्यात कुठल्याही दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर अर्धा तास बसून बघा. आत गेलेला माणूस दोन-तीन मिनिटांत बाहेर येतो, फोन लावतो आणि घरी सांगतो, “काही नाही गं, व्हायरल आहे.” पलीकडच्या माणसालाही हायसं वाटतं. कुठला व्हायरस, हे कुणी कुणाला विचारत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. ‘व्हायरल आहे’ हे बहुतेक वेळा निदान नसतं, निदान टाळायची सवय असते. आणि ती डॉक्टर, पेशंट आणि आपली ऑफिसं अशी तिघांनी मिळून लावून घेतली आहे.

ताप हा मुळात आजारच नाही. अंगात जंतू शिरले की प्रतिकार करणाऱ्या पेशी काही रसायनं सोडतात आणि त्यांच्यामुळे मेंदूतला हायपोथॅलॅमस शरीराचं तापमान वर न्यायला लागतो. म्हणून तर अंग भाजत असताना आपल्याला हुडहुडी भरते आणि आपण अजून एक गोधडी मागतो. कार्ल वुंडरलिश या जर्मन डॉक्टरने सुमारे २५ हजार रुग्णांच्या तापाच्या नोंदी ठेवल्या आणि १८६८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. ताप हे लक्षण आहे आणि तो कसा चढतो-उतरतो यावरून आजाराचा माग काढता येतो, हे त्याने दाखवून दिलं. आपल्या आज्यांनी ते पुस्तक वाचलं नव्हतं, पण त्यांच्याकडे हिवताप होता, मुदतीचा ताप होता, पाळीचा ताप होता. थंडी वाजून येतो का, किती दिवस टिकतो, एक दिवस सोडून येतो का, हे त्या बघायच्या. आपल्या हातात तपासण्या आल्या आणि तोंडात एकच शब्द उरला.

त्या शब्दाने कळतं तरी काय? डेंगी व्हायरलच असतो. चिकनगुनिया, कोविड, सिंधुदुर्गात गोचिडांमुळे होणारा माकडताप, सगळे व्हायरल. साधी सर्दीही व्हायरल. सर्दीपासून माकडतापापर्यंत सगळं ज्या शब्दात मावतं, तो ऐकून आपण निश्चिंत कशाच्या जोरावर होतो?

खरी गंमत चिठ्ठीत असते. व्हायरल म्हणायचं आणि खाली अँटिबायोटिक लिहायचं. अँटिबायोटिक व्हायरसवर चालत नाही, हे लिहिणाऱ्यालाही माहीत असतं. पण आपणही काही कमी नाही. सुई टोचली नाही, सलाईन लावली नाही, तर डॉक्टरने काही केलंच नाही असं म्हणत आपण पुढच्या गल्लीतला दवाखाना गाठतो.

दोन वर्षांपूर्वी, पुण्यात, माझ्या रूममेटला ताप आला. दवाखान्यात नेहमीचं वाक्य, नेहमीच्या गोळ्या. चार दिवस तो तापाने फणफणत होता. पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला. मीच त्याला म्हणालो, “सुटलास.” त्याच्या मॅनेजरचा मेसेज आला, “बरं वाटतंय ना? मग लॉगिन कर.” त्याने केलं. संध्याकाळी त्याचं पोट जबरदस्त दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, हातपाय गार पडले. रात्री तो आयसीयूत होता. डेंगी. तो वाचला. पण त्या सकाळचं माझं ‘सुटलास’ मला अजून टोचतं.

कारण डेंगीत धोक्याचे तास बरेचदा ताप उतरताना सुरू होतात. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप खाली येतो आणि त्याच सुमारास काही जणांच्या रक्तवाहिन्यांमधून द्रव पाझरायला लागतो, रक्तदाब कोसळतो. पोटात तीव्र दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, विलक्षण मरगळ, यातलं काहीही दिसलं की तडक हॉस्पिटल गाठायचं असतं. हे सांगायला एक मिनिट लागतं. आम्हाला ते कुणी सांगितलं नव्हतं, कारण व्हायरल म्हटल्यावर सांगण्यासारखं काही उरतच नाही.

आणि प्रत्येक ताप व्हायरल असतो असंही नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरलं आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोने माणसं मेली. उंदरांच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यातून, पायावरच्या जखमेतून अंगात शिरतात. २०१८ मध्ये विदर्भात स्क्रब टायफस पसरला. त्यात चिगर नावाचा बारीकसा किडा चावतो आणि त्या जागी काळी खपली धरते. ती अनेकदा काखेत किंवा जांघेत असते, म्हणजे शर्ट काढून तपासलं तरच सापडणार. हे दोन्ही आजार बॅक्टेरियाचे, आणि डॉक्सिसायक्लिन हे जुनं, स्वस्त औषध वेळेत मिळालं तर दोन्हींवर चालतं. इथे महागड्या मशीनची गरज नाही. ‘पाण्यातून चालत गेला होतात का?’ आणि ‘शेतात, झुडपात गेला होतात का?’ एवढं विचारायची गरज आहे.

यावर डॉक्टर मित्रांचं उत्तर मला ठाऊक आहे. बहुतेक ताप खरोखरच व्हायरल असतात, आपोआप बरे होतात, आणि प्रत्येकाच्या दहा तपासण्या करणं म्हणजे लॅबची धन करणं. मान्य. पहिल्याच दिवशी केलेली विडाल टेस्ट बघून कित्येकांना टायफॉइड चिकटवला जातो, तेही मला नको आहे. पण मी तपासण्या मागत नाहीये, चौकशी मागतोय. सगळं विचारून, अंग बघून ‘व्हायरल दिसतोय, अमुक झालं तर लगेच या’ असं सांगणारा डॉक्टर त्याचं काम चोख करतोय. भांडण आहे ते चौकशीच्या आधीच दिलेल्या उत्तराशी.

चौकशीला वेळ लागतो, तसाच ताप निवायलाही लागतो. तो आपल्याकडे कुणाकडे आहे? पॅरासिटामॉल वाईट नाही, त्याने अंगदुखी थांबते, माणूस झोपतो. पण आपण ती झोपण्यासाठी घेत नाही, लोकल पकडण्यासाठी घेतो. डिलिव्हरीवाल्या पोराने एक दिवस ॲप बंद ठेवलं तर त्या दिवसाची कमाई बुडते. ताप अंगावर काढणं याला आपण कष्टाळूपणा म्हणतो. पगारी आजारपणाची रजा नसणं, हे त्याचं खरं नाव आहे.

एके काळी या देशाने तापाची चौकशी घरोघर केली होती. स्वातंत्र्याच्या सुमारास वर्षाला साधारण साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा, आठ लाख मरायचे, असा अंदाज आहे. फवारणी झाली, आरोग्य कर्मचारी दारात येऊन ‘कुणाला ताप?’ विचारू लागले, बोटाला टोचून रक्त नेऊ लागले, भिंतीवर तारीख लिहू लागले. १९६५ पर्यंत रुग्ण लाखभरावर आले. मग ढिलाई झाली आणि १९७६ मध्ये आकडा पुन्हा ६४ लाखांवर गेला. डासांना औषधं पचली, हे एक कारण होतं. विचारणारी माणसं आणि यंत्रणा कमी पडली, हे दुसरं.

दारात कुणी विचारायला येईपर्यंत निदान आपण तरी नोंद ठेवू. ताप कधी सुरू झाला, ती तारीख आणि वेळ मोबाइलमध्ये लिहा. गेल्या दोन-तीन आठवड्यांत कुठे गेलात, तेही लिहा. आणि डॉक्टर ‘व्हायरल आहे’ म्हणाले की लगेच उठू नका. विचारा, “कुठला वाटतोय? आणि काय झालं तर मी ताबडतोब परत यायचं?” ते वैतागतील कदाचित. वैतागू द्या.