तारण काय देणार?

बोईसरच्या शाखेत असताना एक तरुण वार्ताहर साप्ताहिकासाठी कर्ज मागायला आला होता. बाहेर तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांची रांग. त्यांच्याकडे यंत्रे, शेड, कच्चा माल, सगळे तारण ठेवण्याजोगे. मी सवयीने विचारले, ‘‘तारण काय देणार?’’ तो म्हणाला, ‘‘साहेब, वाचक आहेत ना!’’ मी हसलो आणि अर्ज परत केला. नियमाने माझे बरोबरच होते. पण ते हसणे मला अजून बोचते.

कारण वाचक हेच भांडवल मानणारा पत्रकार महाराष्ट्राने पाहिला आहे. दिनकर गांगल यांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये असतानाच सहकाऱ्यांसह सत्तरच्या दशकात ‘ग्रंथाली’ ही वाचक चळवळ उभी केली. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) तिनेच वाचकांपर्यंत नेले. पुढे २०१० साली, लोक नातवंडांत रमतात त्या वयात, गांगलांनी ‘थिंक महाराष्ट्र डॉट कॉम’ सुरू केले. गावोगावची माणसे, कामे आणि परंपरा मराठीत नोंदवून ठेवायच्या, एवढाच त्यामागचा हेतू.

इंटरनेट म्हटले की आपल्याला कोटींचे आकडे आठवतात. १९९९ मध्ये राजेश जैन यांची ‘इंडियावर्ल्ड’ सत्यम इन्फोवेने ४९९ कोटींना घेतली, तेव्हा आमच्या बँकेत डबा खाताना दुसरा विषय नव्हता. गांगलांच्या कामाला अशी किंमत कोण लावणार? तरीही मी त्याला उद्योगच म्हणेन. ज्याची गरज आहे आणि जे कोणी करत नाही, ते उभे करणे म्हणजेच उद्योग.

गरज किती, ते आमच्या भागातच पाहा. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. इतिहास मात्र जुना. चिंचणीला सापडलेला शके ८४८ चा ताम्रपट सांगतो की, राष्ट्रकूटांच्या वतीने संजाण मंडळाचा कारभार मुहम्मद नावाचा अरब पाहत होता आणि त्याच्या अमलात एका मठाला दान मिळाले. हे आमच्या किती मुलांना ठाऊक आहे? तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. पुढे तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. घरांचा मोबदला कागदावर मांडता येतो. पण तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडची लग्नगाणी, माशांची नावे, पाणवठ्यांच्या खुणा कोणत्या खात्यावर जमा करायच्या?

कोणी म्हणेल, संकेतस्थळाचा भरवसा काय? खरे आहे. दरवर्षीचा खर्च थांबला की पाने नाहीशी होतात, रद्दीतही सापडत नाहीत. म्हणूनच हा भार एकट्या संपादकावर टाकून चालणार नाही. वर्तमानपत्राचे बिल आपण दरमहा कुरकुर न करता देतो. तशीच थोडी वर्गणी अशा कामाला द्यावी, आणि घरातल्या आजीकडून ऐकलेले एक पानभर लिहूनही द्यावे.

त्या तरुणाचे साप्ताहिक निघाले की नाही, मला कळले नाही. त्याने सांगितलेले तारण मात्र खोटे नव्हते. फक्त त्यावर सही बँकेची नव्हे, वाचकांची हवी होती.