भूकंप रशियात, धास्ती नवी मुंबईत: अरबी समुद्रात त्सुनामी येऊ शकते का?

३० जुलै २०२५. भारतात पहाटेचे पाच वाजत आले होते, तेव्हा रशियाच्या कामचाटका द्वीपकल्पाजवळ समुद्राखाली मोठा भूकंप झाला. त्याची तीव्रता आधी ८.० सांगितली गेली, मग ८.७ आणि शेवटी ८.८. जपानमध्ये सुमारे २० लाख लोकांना सुरक्षित ठिकाणी जाण्याच्या सूचना मिळाल्या. हवाईत सायरन वाजले आणि किनाऱ्यापासून दूर निघालेल्या गाड्यांनी रस्ते तुंबले.

लाटांचे व्हिडिओ भारतातल्या फोनवर यायलाही वेळ लागला नाही. खाडीकाठी वसलेल्या नवी मुंबईसारख्या शहरात पुढचा प्रश्न साहजिकच होता: हे पाणी आपल्याकडे येणार का?

त्या दिवशीचं उत्तर सोपं होतं: नाही. पण "आपल्याकडे त्सुनामी येतच नाही" हे उत्तरही चुकीचंच आहे.

कामचाटकाचा धोका भारताला का नव्हता?

कामचाटका प्रशांत महासागराच्या काठावर आहे. तिथून निघालेली लाट अरबी समुद्रापर्यंत यायची तर मध्ये जपान, फिलिपिन्स आणि इंडोनेशियाच्या बेटांची मोठी रांग आहे. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राने, म्हणजे इन्कॉइसने, भारताला आणि हिंदी महासागराला धोका नसल्याचं त्याच दिवशी स्पष्ट केलं.

मग भविष्यवाणी खरी ठरली का?

जपानी चित्रकार र्यो तात्सुकी यांच्या मांगामध्ये, म्हणजे जपानी चित्रकथेत, जुलै २०२५ मध्ये मोठं संकट येईल असं म्हटलं होतं. ५ जुलै ही तारीख त्यावरूनच व्हायरल झाली. काही पर्यटकांनी जपानच्या सहली रद्द केल्या. ५ जुलै काहीच न होता गेली. ३० जुलैला भूकंप झाल्यावर मात्र "बघा, सांगितलं होतं ना" अशा पोस्ट फिरू लागल्या.

पण मांगामधलं संकट जपान आणि फिलिपिन्सच्या मधल्या समुद्रातलं होतं. कामचाटका तिथून हजारो किलोमीटर उत्तरेला आहे. जपानच्या हवामान संस्थेनेही आधीच सांगितलं होतं की भूकंपाची वेळ, जागा आणि तीव्रता नेमकी सांगणं आजच्या विज्ञानाला शक्य नाही. जिथे जवळजवळ रोज धक्के बसतात, तिथे "मोठा भूकंप होईल" हे वाक्य कधी ना कधी जुळणारच.

मुंबईत त्सुनामी कधी आली होती?

२८ नोव्हेंबर १९४५ रोजी. पहाटे साडेतीनच्या सुमारास मकरानच्या किनाऱ्याजवळ, म्हणजे आजच्या पाकिस्तानातल्या पस्नी गावाजवळ, सुमारे ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. सकाळी आठनंतर त्याच्या लाटा मुंबईला पोहोचल्या. त्यांची उंची सुमारे दोन मीटर होती आणि मुंबईत डझनभराहून अधिक लोक वाहून गेल्याच्या नोंदी आहेत.

भारताला त्सुनामीचा धोका मुख्यतः दोन ठिकाणांहून आहे. एक अंदमान-सुमात्राचा पट्टा, जिथून २००४ ची त्सुनामी आली. दुसरा मकरानचा. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातच्या किनाऱ्यासाठी दुसरा जास्त महत्त्वाचा. नवी मुंबईकरांनी लक्ष ठेवायचं ते कामचाटकावर नाही, मकरानवर.

नवी मुंबई खाडीच्या आत आहे, मग काळजी कशाला?

मुंबई मध्ये असल्याने वाशी, नेरूळ किंवा बेलापूरवर उघड्या समुद्राची लाट थेट आदळत नाही, हे खरं. पण त्सुनामी ही नेहमीची लाट नसते. पाण्याची पातळी बराच वेळ चढत राहते, मग ओसरते आणि पुन्हा चढते. हे पाणी खाडीतही शिरू शकतं.

त्यात भरतीचा हिशेब येतो. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीची बातमी आपण वाचतोच. ओहोटीच्या वेळी आलेली दोन मीटरची लाट फारशी जाणवणारही नाही, पण मोठ्या भरतीवर आली तर चित्र वेगळं असेल. शहराचा बराच भाग सखल आहे. म्हणूनच सिडकोने भरतीचं पाणी थोपवायला बांध आणि धारण तलाव बांधले. काठावरची खारफुटीही पाण्याचा जोर कमी करते. भराव टाकून ती संपवली तर हे संरक्षणही जातं.

हाताशी किती वेळ असतो?

१९४५ मध्ये भूकंपानंतर लाटा मुंबईला यायला पावणेपाच तासांच्या आसपास लागले होते. खोल समुद्रात त्सुनामी विमानाच्या वेगाने धावते, पण पश्चिम किनाऱ्याजवळचा समुद्र उथळ असल्याने तिचा वेग खूप कमी होतो. तेव्हा इशारा देणारं कोणी नव्हतं. २००७ पासून इन्कॉइसचं त्सुनामी इशारा केंद्र चोवीस तास सुरू आहे आणि भूकंपानंतर काही मिनिटांत त्याची पहिली माहिती येते.

म्हणजे मकरानमध्ये भूकंप झाला तर नवी मुंबईकडे काही तास असतील. ते तास खरा इशारा ओळखण्यात जातात की फॉरवर्ड तपासण्यात, यावर बरंच अवलंबून आहे.

इशारा आला तर काय करायचं?

• इन्कॉइसचे शब्द समजून घ्या. 'वॉर्निंग' म्हणजे किनारा सोडून उंच जागी जा. 'अलर्ट' म्हणजे समुद्र आणि खाडीकाठापासून लांब राहा. 'वॉच' म्हणजे लगेच हलायची गरज नाही, पुढच्या सूचनेकडे लक्ष ठेवा.

• सरकारी 'सचेत' ॲप फोनमध्ये ठेवा. त्यावर तुमच्या भागापुरते इशारे येतात.

• दिवाळे, सारसोळेसारख्या गावांतल्या मच्छीमारांनी होडी वाचवायला जेट्टीवर जाऊ नये. खाडीत असाल तर काठावर येऊन उंच जागा गाठा.

• पहिली लाट ओसरली म्हणून परतू नका. पुढची लाट मोठी असू शकते. 'धोका टळला' हे प्रशासनाने सांगेपर्यंत थांबा.

• तारीख, जागा आणि मूळ स्रोत नसलेला व्हिडिओ पुढे पाठवू नका.

ओडिशातल्या वेंकटरायपूर आणि नोलियासाही या गावांना २०२० मध्ये युनेस्कोने 'त्सुनामी सज्ज' म्हणून मान्यता दिली. पळायचा रस्ता कुठला, म्हाताऱ्यांना कोण नेणार, हे तिथल्या लोकांनी आधीच ठरवून ठेवलं आहे. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर पुढच्या वेळी लाटेचा व्हिडिओ आला, तर हेच दोन प्रश्न तिथे विचारता येतील.