लिहायला बसायचं कुठे?

विद्यापीठ परिसरात वावरत असाल तर सोनेरी महाल तुम्हाला नवा नाही. डोंगराच्या पायथ्याशी उभी असलेली ही सतराव्या शतकातली वास्तू एका बुंदेला सरदाराची. आतल्या सोनेरी चित्रकामावरून तिला हे नाव पडलं. आज तिथे राज्य पुरातत्त्व विभागाचं संग्रहालय आहे. आपण जातो, फोटो काढतो, रील टाकतो आणि निघतो. जुन्या घराचं याहून वेगळं काही होऊ शकतं का?

लॉस एंजेलिसमध्ये झालंय. तिथे समुद्राकडे तोंड करून डोंगरउतारावर ‘व्हिला ऑरोरा’ नावाचं घर आहे. लिऑन फॉइश्टवांगर हा ज्यू जर्मन कादंबरीकार. १९३३मध्ये नाझींनी त्याची पुस्तकं जाळली, नागरिकत्व काढून घेतलं. तो फ्रान्समध्ये राहिला, तिथून जीव वाचवून अमेरिकेला पोचला आणि १९४३मध्ये त्याने व पत्नी मार्टाने हे घर घेतलं. ब्रेख्त, थॉमस मान यांच्यासारखे देश सुटलेले लेखक इथे जमायचे. दोघांच्या पश्चात १९९५पासून इथे लेखक, संगीतकार, फिल्ममेकर काही महिने राहायला येतात. राहण्याची सोय असते, खर्चाला पैसे मिळतात. छळ सोसणाऱ्या लेखकांसाठी वेगळी फेलोशिपही आहे. जानेवारी २०२५च्या वणव्यात आजूबाजूची वस्ती जळाली, हे घर मात्र वाचलं.

म्हणजे ही चैन नाही. ज्याला लिहू दिलं जात नव्हतं, त्याच्या घरात आता इतरांना लिहायला जागा मिळते. मराठी लेखकांनाही अशा सोयीचा अनुभव आहे. दिलीप चित्रे १९७०च्या दशकात आयोवाच्या आंतरराष्ट्रीय लेखन उपक्रमात होते. पण त्यासाठी त्यांना अमेरिकेला जावं लागलं.

आपल्या शहराला लिहिणाऱ्यांची परंपरा नाही, असं तर कुणी म्हणणार नाही. वली आणि सिराज या मातीतले. डॉ. आंबेडकरांनी १९५०मध्ये सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात दलित साहित्याची एक पिढी घडली. गंगाधर पानतावणे यांचं ‘अस्मितादर्श’ इथूनच निघायचं. आणि आज? गावाकडून आलेली मुलगी एका रूममध्ये चौघींबरोबर राहते. लाइट बंद झाल्यावर मोबाइलच्या नोट्समध्ये कविता लिहिते. शहरात अभ्यासिका भरपूर आहेत. महिन्याचे पैसे भरले की खुर्ची मिळते, पण ती स्पर्धा परीक्षेसाठी. कथा लिहायला कोण पैसे भरणार?

‘आधी होस्टेल नीट करा, मग लेखकांचं बघू,’ असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, होस्टेल नीट व्हायलाच हवीत. पण एकाच्या बदल्यात दुसरं, असा हा हिशेब नाही. सोनेरी महालातच खोल्या काढा, असंही आमचं म्हणणं नाही. जुन्या वास्तूत स्वयंपाकघर आणि बाथरूम घुसवणं म्हणजे तिची वाट लावणं. विद्यापीठाने त्याच डोंगराच्या कुशीत दोन खोल्या द्याव्यात, एवढंच पुरे. तीन महिन्यांसाठी दोन लेखक. एक अनुभवी, एक पहिलं पुस्तकही न आलेला. मराठी, उर्दू, हिंदी, कोणत्याही भाषेतला. निवड लिखाण वाचून व्हावी, ओळखीवर नाही. नाहीतर सत्कार, शाल-श्रीफळ आणि त्याच त्या चार नावांची आणखी एक जागा तयार होईल. बदल्यात त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ विद्यार्थ्यांबरोबर बसावं, आपलं अर्धवट लिखाण दाखवावं. छापून आलेलं पुस्तक तर आपण वाचतोच. ते होताना किती खोडाखोड होते, हे कुणी दाखवत नाही.

विद्यापीठाचा निर्णय होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात काय आहे? तुमच्या कॉलेजात वाङ्मय मंडळ असेल. वार्षिक अंक आणि उद्घाटन यापलीकडे त्याने यंदा एकच मागणी करावी. चारनंतर रिकामा पडणारा एक वर्ग, आठवड्यातले तीन दिवस, फक्त लिहिणाऱ्यांसाठी. पंखा चालू, मोबाइल बंद. याला बजेट लागत नाही, प्राचार्यांची सही लागते. अर्ज या आठवड्यातच द्या.