शेवटचा अंतरा कापू नका

एप्रिल जवळ आला की नागपुरात सदर, इंदोरा, कामठी रोडवरच्या लहान-मोठ्या स्टुडिओंत रात्री दोन-दोनपर्यंत काम चालतं. आंबेडकर जयंतीच्या आदल्या रात्री, १३ एप्रिलला, संविधान चौकात गाडी उभी राहायच्या आत यंदाचं मिक्स तयार हवं, आणि ते शेजारच्या मंडळापेक्षा कडक हवं. माल मात्र जुनाच: वामनदादा कर्डकांचे शब्द, प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांच्या पिढीचे आवाज, कुणीतरी कधीतरी कॅसेटवरून उतरवलेल्या फायली.

यात गैर काही आहे असं हे मासिक मानत नाही. तयार चालीवर नवं बांधणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. जलशांनी तेच केलं, भजनी मंडळं आजही सिनेमाच्या चाली उचलतात, आणि अजय-अतुल यांनी ‘जत्रा’तली आपलीच ‘कोंबडी पळाली’ ‘अग्निपथ’साठी ‘चिकनी चमेली’ करून देशभर नाचवली. २००२ मध्ये ‘काँटा लगा’चं रिमिक्स आलं तेव्हा नाकं मुरडणारे पुष्कळ होते. वरातीत ते त्यांच्याही घरी वाजलं.

तक्रार आहे ती कात्रीबद्दल. वामनदादांच्या कितीतरी गाण्यांत शेवटच्या अंतऱ्यात ‘वामन’ हे नाव येतं, अभंगात तुकोबांचं येतं तसंच. मिक्समध्ये मात्र मुखडा दोनदा, एखादा अंतरा, ड्रॉप, पुन्हा मुखडा, खेळ खलास. शेवटचा अंतरा उडतो, त्याच्याबरोबर कवी उडतो, आणि दर अर्ध्या मिनिटाला डीजेचा टॅग मात्र घुमत राहतो. ‘भाऊ, चौथ्या अंतऱ्यापर्यंत पब्लिक थांबते का?’ असं विचारलं जातं. थांबत नसेल, मान्य. पण मग त्या पब्लिकच्या तोंडी कुणाचं नाव राहणार, हेही आपणच ठरवतोय.

काम सोपं नाही, हे आम्ही जाणतो. ही जुनी गाणी ढोलकी-तबल्यावर, क्लिकशिवाय गायलेली. मुखडा १०४ बीपीएमवर सुरू होतो आणि रंगात आलेला वादक शेवटच्या अंतऱ्यात १०९ वर पोहोचतो. ग्रिड हाताने, मात्रा-मात्रा सरकवत बसवावी लागते. कॅसेट डेकचा वेग कमी-जास्त असला तर स्वर काळी दोन आणि पांढरी तीनच्या मध्ये कुठेतरी लटकतो. तो सरळ केल्याशिवाय बेस लावलात तर सगळं बेसूर. २०१९ मध्ये डीझर कंपनीने ‘स्प्लीटर’ फुकट खुलं केलं, तेव्हापासून आवाज वेगळा काढणं मिनिटांचं काम झालं आहे. पण मोनो कॅसेटवर हार्मोनियम गळ्याला चिकटून येते, आणि ‘स’, ‘श’ पाण्याखालून बोलल्यासारखे ऐकू येतात. शेवटचा अंतरा अनेकदा आळसापोटी नव्हे, या कटकटीपोटी कापला जातो.

आता कायदा. लग्नाच्या वरातीला आणि लग्नाच्या समारंभांना कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. ती वाजवण्यापुरती. तेच गाणं कापून, नवरा-नवरीची नावं घालून यूट्यूबवर चढवलंत तर ती सूट तुमच्या कामाची नाही. जयंतीची मिरवणूक तर वरातच नव्हे. ‘आम्ही कव्हर केलंय’ हेही सांगून भागत नाही. २०१२ च्या दुरुस्तीतलं कलम ३१-सी कव्हरला परवाना देतं, पण मूळ रेकॉर्डिंगला पाच वर्षं उलटलेली हवीत, आधी नोटीस द्यायची, किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरायची, आणि चाल-शब्द बदलायचे नाहीत. मूळ आवाज उचललात की ते कव्हर राहतच नाही. मग कंपनीची लेखी परवानगी हवी. वामनदादा १५ मे २००४ ला गेले. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं धरली तर त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. शिवाय कलम ५७ प्रमाणे, हक्क विकून टाकले तरी रचना आपली आहे हे सांगण्याचा कवीचा अधिकार उरतोच. गायकालाही कलम ३८-बी तसंच संरक्षण देतं.

पोलीस किंवा कंपनीची नोटीस दारात येईल म्हणून हे सांगत नाही. बहुतेकांच्या दारात ती येणारही नाही. सांगतोय ते नाव टाकायला पैसे लागत नाहीत म्हणून. फाइलच्या नावात, यूट्यूबच्या वर्णनात, पेन ड्राइव्हवरच्या फोल्डरवर कवी, संगीतकार, गायक हे तिघे लिहा. ‘ओल्ड भीमगीत साउंडचेक २०२६’ एवढ्यावर भागवू नका.

आणि मिक्समध्ये? १०० बीपीएमला आठ बार म्हणजे जेमतेम १९ सेकंद. ड्रॉपच्या आधी तुम्ही किक आणि बेस काढून घेता, फक्त आवाज मोकळा ठेवता, सगळा चौक श्वास धरून थांबतो. त्या जागी मुखड्याचा तुकडा फिरवण्याऐवजी कवीच्या नावाची ओळ बसवा. ढोलकीही तिथे आडवी येत नाही, म्हणून ग्रिडची कटकट निम्मी होते. टॅग त्यानंतर टाका, हवा तर दोनदा.